पडलेला पैसा कुणाचा?

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली आणि माणसे दारातल्या ढिगात आपापल्या चपला शोधू लागली. आमचा नातू, वय वर्षे नऊ, त्या ढिगात वाकला आणि मूठ आवळून आमच्याकडे आला. मूठ उघडली तर दहा रुपयांचे नाणे. त्यावर बाबासाहेब. १२५ व्या जयंतीनिमित्त ६ डिसेंबर २०१५ रोजी जे नाणे निघाले, तेच हे. वाचकांपैकी पुष्कळांनी ते खर्च न करता कपाटात जपून ठेवले असेल.

“आजोबा, सापडलं,” नातू म्हणाला.

आम्ही मोठ्याने विचारले, “कुणाचे पैसे पडले का हो?” दोघा-तिघांनी खिसे चाचपले, हसले. दहा रुपयांसाठी चारचौघांत हात वर करायला माणसाला लाज वाटते. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “राहू दे रे बाळा, खाऊ घे.” विहाराचे सचिव म्हणाले, “दानपेटीत टाक, म्हणजे प्रश्न मिटला.” कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, “आत्ताच दुसरं शील म्हटलंस ना? जे दिलं नाही ते घ्यायचं नाही.”

नातू तिच्याकडे बघत म्हणाला, “मग बाबासाहेबांना तिथंच चपलांत ठेवायचं होतं का?”

यावर कुणाला उत्तर देता आले नाही. आम्हालाही नाही. पंचशील म्हणताना ‘अदिन्नादान’ हा शब्द आम्ही हजारदा उच्चारला असेल. पण रस्त्यावर पडलेले नाणे कुणी दिलेले नसते, आणि ते कुणाकडून हिसकावलेलेही नसते. मग त्याचे काय करायचे? वाद तेवढ्यावर राहिला. नाणे कागदात गुंडाळून आम्ही सचिवांच्या कपाटात ठेवले आणि घरी आल्यावर पुस्तके काढली.

विनयपिटकात हा प्रश्न आलेला आहे, हे पाहून आम्हाला आनंद झाला. श्रावस्तीजवळच्या अचिरवती नदीवर एक भिक्खू आंघोळ करत होता. तिथेच एक ब्राह्मणही आंघोळीला आला होता. त्याने पाचशेची थैली काठावर ठेवली आणि विसरून निघून गेला. थैली हरवू नये म्हणून भिक्खूने ती उचलून ठेवली. आठवण होताच ब्राह्मण धावत परत आला. भिक्खूने थैली त्याच्या हाती दिली. आता या माणसाला बक्षीस द्यावे लागणार, अशी ब्राह्मणाला धास्ती पडली. तेव्हा तो म्हणाला, “माझे पाचशे नव्हते, हजार होते!” आणि त्याने भिक्खूलाच अडवून धरले. प्रकरण तथागतांच्या कानावर गेले आणि नियम झाला, की भिक्खूने मौल्यवान वस्तू उचलू नये.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. पुढे एका सणाच्या दिवशी विशाखा विहारात आली. तिने अंगावरचे दागिने उतरवून दासीकडे दिले. दासी गाठोडे तिथेच विसरली. आता उचलायचे की नाही? तथागतांनी नियमाला मुरड घातली. विहाराच्या आवारात किंवा मुक्कामाच्या जागी कुणाची वस्तू राहिली, तर ती उचलून बाजूला ठेवावी, ज्याची असेल तो घेऊन जाईल. कुणी मागायला आला, तर त्याला आधी विचारावे, तुझी वस्तू कशी होती? खूण पटली तर द्यावी. हा पाचित्तिय नियमांपैकी ८४ वा. नियम भिक्खूंसाठी आहे, तुमच्या-आमच्यासाठी नाही, हे खरे. तरी त्यातला व्यवहार पाहा. उचलणे आणि घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी नीट सांगून ठेवले होते.

कायदाही फार वेगळे बोलत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ४०३ वे कलम होते. त्यात उदाहरण दिलेच होते ते रस्त्यावर सापडलेल्या रुपयाचे! रुपया कुणाचा हे ठाऊक नसताना एखाद्याने तो उचलला, तर गुन्हा नाही. पण पाकीट कुणाचे पडले हे डोळ्यांनी पाहिले, परत द्यायच्या हेतूने उचलले आणि मग मन फिरून स्वतःकडे ठेवले, तर गुन्हा. आधी ठाऊक नव्हते, मागाहून मालक कळला, तरीही ठेवून घेतले, तर तोही गुन्हा. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हे कलम ३१४ आहे. मालक शोधायचा वाजवी प्रयत्न केला का, आणि वाजवी काळ थांबलास का, एवढे कायदा विचारतो. चपलांच्या ढिगाशी एकदा हाक मारली, म्हणजे वाजवी प्रयत्न झाला का, हे आमचे आम्हीच ठरवायचे.

सचिवांच्या दानपेटीबद्दलही बोलले पाहिजे. दुसऱ्याचे पैसे पेटीत टाकले, तर ते दान कुणाचे? ज्याचे पडले त्याने दिले नाही, आणि ज्याने टाकले त्याचे ते नव्हते. सचिव आमचे जुने स्नेही आहेत, रागावणार नाहीत.

आता आमच्या पोटापाण्याचे. आम्ही तेहतीस वर्षे बसवर कंडक्टर होतो. चिल्लर म्हणजे काय, हे कंडक्टरइतके कुणाला कळत नाही. हिशेबात पैसे कमी आले, तर खिशातून भरायचे. सुट्टे नसले, तर तिकिटामागे बाकी लिहून द्यायची. उतरताना घाईत निम्मे लोक ती बाकी मागायचे विसरत. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली, की सीटखाली एखादे चार आणे, आठ आणे, कधी रुपया चकाकायचा. आम्ही वाकून उचलायचो. कुणाचे, कोण जाणे! हिशेब कमी असेल त्या दिवशी ते पैसे आमच्या पिशवीत गेले, हे आज कबूल करतो. एकदा एक बाई दुसऱ्या दिवशी त्याच बसला थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, काल माझा बंदा रुपया पडला का हो इथं?” सकाळी दूध घ्यायचे होते म्हणाल्या. रुपया आदल्या रात्री हिशेबात गेला होता. आम्ही “नाही” म्हणालो. साल १९८६. दुधाचा भाव विसरलो, त्या बाईंचा चेहरा नाही विसरलो.

पण पैशासाठी वाकणे म्हणजे काय, हे आम्हाला बसने शिकवले नाही. ते आजीने शिकवले. गाव सातारा जिल्ह्यातले, साल १९६३. तेव्हा नवे पैसे येऊन सहा वर्षे झाली होती. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया आला. आजीच्या पिशवीत मात्र तोपर्यंत एक भोकाचा पैसा होता, जुना. तिचा हिशेब शेवटपर्यंत आण्यांतच चालायचा.

वाण्याच्या दुकानासमोर आमच्या माणसांची जागा ठरलेली होती. ओट्यावर चढायचे नाही. आधीच्या पिढीत तर पैसा जमिनीवर ठेवायचा, वाणी त्यावर पाणी शिंपडून मग उचलणार आणि पुडी वरून टाकणार, अशी रीत होती. दीक्षा घेऊन सात वर्षे झाली होती, राज्यघटना येऊन तेरा. पुडी हातात मिळू लागली होती, पण सुट्टे पैसे अजून वरूनच पडत. त्या दिवशी पाच नव्या पैशांचे चौकोनी नाणे आजीच्या पायाशी येऊन पडले. आजीने खाली बघितलेसुद्धा नाही. म्हणाली, “हातात द्याल ते माझं. भुईवर पडलं ते तुमचंच.” आणि ती चालू लागली.

आम्ही आठ वर्षांचे. आम्हाला वाटले, आजीला दिसले नाही. आम्ही चटकन वाकलो, नाणे उचलले आणि धावत जाऊन मोठ्या अभिमानाने तिला दाखवले. ती रस्त्यातच थांबली. मारले नाही, बोलली नाही. मनगट धरून आम्हाला परत दुकानापाशी नेले आणि नाणे ओट्यावर ठेवायला लावले. वाणी वजन करत होता. त्याने मान वर केली नाही. त्या दिवशी घरी गूळ आला नाही, चहा तसाच प्यालो. पुढच्या बाजाराला आजी पुन्हा त्याच दुकानी गेली, कारण दुसरे दुकानच नव्हते. सुट्टे हातात आले की नाही, ते आम्ही पाहिले नाही. आम्हाला तिने बरोबर नेले नव्हते.

मोठे झाल्यावर कळले, की मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या ढोराचे मांस आणि दारोदारचे शिळे तुकडे सोडा, असे बजावून सांगितले होते. आजी महाडला गेली नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. चार वर्षांपूर्वीच म्हणजे १९२३ साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला होता, हेही तिला माहीत असायचे कारण नाही. पण टाकलेला तुकडा आणि टाकलेला पैसा तिच्या लेखी एकच होता. वरातीत आणि मयतीत उधळलेली चिल्लर गोळा करायला आमच्या वयाची पोरे धावत, तेव्हा ती आम्हाला घरात घ्यायची आणि दार लोटायची.

आज रस्त्यावर पैसे पडायचेच कमी झाले आहेत. भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची नाणी बाद झाली. ५० पैसे कायद्याने अजून चालतात, पण कुणाच्या हातावर ठेवून पाहा! दहाचे नाणेही मध्यंतरी अफवेमुळे दुकानदार घेईनात. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले, की चौदा नमुन्यांची दहाची नाणी आहेत आणि सगळी खरी आहेत. तिठ्यावर लिंबासोबत ठेवलेल्या उताऱ्यातल्या रुपयाला अजून माणसे वळसा घालतात, अगदी आपल्यातलीही. तो रुपया भीतीपोटी सोडू नये. सोडायचाच, तर आपला नाही म्हणून सोडावा.

आणि नाशिकला जाल, तर गोदावरीच्या काठी मुले पाहा. दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात टाकतात आणि भाविकांनी सोडलेली नाणी वर काढतात. १९८८ पासून दहा, पंचवीस, पन्नास पैसे आणि १९९२ पासून रुपया पोलादाचा निघू लागला, म्हणून हे जमते. जुने ॲल्युमिनियमचे नाणे चुंबकाला लागत नाही. त्यासाठी बुडी मारावी लागते. ती मुले शाळेच्या वेळेत नदीवर असतात. लोक त्यांचे कौतुक करतात, फोटो काढतात. आम्हाला ते बघवत नाही.

विहारातले नाणे तीन रविवार कपाटात होते. आमचे लेखन इथवर आले होते. चौथ्या रविवारी वंदनेनंतर नातू आमचा हात ओढू लागला. दारात एक म्हाताऱ्या बाई चपला घालायच्या सोडून पायाने बाकीच्या चपला बाजूला सारत होत्या. आमच्या ओळखीच्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या.

“आजी, काय शोधताय?”

“काही नाही रे बाळा.”

“पैसे पडले का?”

त्या थांबल्या. “व्हय रे. पदराची गाठ सुटली त्या दिशी. म्हटलं, कशाला विचारायचं, लोक म्हणतील, दहा रुपयांसाठी...”

नातवाने आमच्याकडे पाहिले. आम्ही त्याला विशाखेची गोष्ट सांगितली होती. तो म्हणाला, “कसं होतं?”

“बाबासाहेबांचं,” त्या म्हणाल्या. “पोरानं पहिल्या पगाराला दिलं होतं. मोडलं नव्हतं मी.”

सचिवांनी कपाट उघडले. नातवाने कागद सोडला आणि नाणे त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उलटून-पालटून पाहिले, पदराच्या टोकाला गाठ मारली, मग त्या गाठीवर आणखी एक गाठ मारली, आणि पावसात निघून गेल्या.