रस्त्याकाठची जाहिरात

वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना या विषयाचे थोडे नवल वाटले असेल. जेथे धर्म, राजकारण आणि अर्थकारण यांचा ऊहापोह व्हावयाचा, तेथे दाढीचा साबण आणि मोटारीचे टायर यांचे काय काम, असे कोणी विचारले तर ते अगदीच वावगे नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेकजण आता वर्षातून अनेकदा हमरस्त्याने प्रवास करतात, आणि त्या प्रवासात जे वाङ्मय डोळ्यांपुढून सरकत जाते त्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ते कोण लिहितो, कोणाच्या खर्चाने लिहितो, आणि मोटार हाकण्याच्या आपल्या आनंदाशी त्याचा संबंध काय, हे पाहण्यासारखे आहे. हा संबंध कधी कधी जिवाशीही येऊन भिडतो. पण ते पुढे येईल.

आम्हांस मोटार हाकण्याची हौस आहे हे आधीच सांगून टाकतो. पहाटे पुण्याहून निघावे, कात्रजचा बोगदा मागे टाकावा, शिरवळला चहा घ्यावा आणि खंबाटकी चढून उतरू लागताना वाईकडचे डोंगर उन्हात उघडे पडलेले पाहावेत, या सुखाला आम्ही दुसरे कोणतेच सुख तोलत नाही. हे सुख कशात आहे याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आमच्या मते ते वेगात नाही. हात गुंतलेले, पाय गुंतलेले, डोळे गुंतलेले आणि मन मात्र मोकळे, ही जी अवस्था मोकळ्या रस्त्यावर येते ती घरी खुर्चीत बसून येत नाही. घरी हात मोकळे असतात आणि मन गुंतलेले असते.

जाहिरातदाराला हे मोकळे मन हवे असते. अडचण एवढीच की त्याची वाट डोळ्यांतून जाते आणि डोळे तर कामावर आहेत. म्हणजे हाकणाऱ्याजवळ उधळायला लक्ष असते ते सुट्या पैशांत. दोन सेकंद इथे, तीन सेकंद तिथे. जो सुटे मागतो त्याला मिळते. जो एकदम बंदा रुपया मागतो त्याला एक तर मिळत नाही, किंवा मिळाला तर गाडी खड्ड्यात जाते. हे सूत्र ज्या माणसांनी सर्वांत उत्तम ओळखले ती अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरातील एक लहानशी कंपनी होती.

क्लिंटन ओडेल या गृहस्थांचे घराणे प्रथम एक चोळण्याचे औषध विकत असे. त्याचे नाव 'बर्मा-व्हिटा'. त्यातील तेले ब्रह्मदेश व मलाया या भागांतून येतात म्हणून बर्मा, आणि लॅटिन भाषेत जीवन म्हणजे व्हिटा. हे औषध दुखऱ्या माणसालाच लागणार, आणि माणसे रोज काही दुखत नाहीत. रोज लागणारी वस्तू हवी, म्हणून त्यांनी ब्रशाशिवाय लावावयाचा दाढीचा साबण काढला व त्याला 'बर्मा-शेव्ह' नाव दिले. माल चांगला होता, पण खपेना. तेव्हा ॲलन या मुलाने 1925 साली एक युक्ती काढली. रस्त्याकाठी एका ओळीत लहान लहान पाट्या रोवाव्यात, प्रत्येकीवर दोन-चारच शब्द लिहावेत आणि शेवटच्या पाटीवर मालाचे नाव यावे. वडिलांचा विश्वास बसेना. तरी त्यांनी दोनशे डॉलर दिले. ॲलनने जुन्या लाकडी फळ्या मिळवून त्या मिनिआपोलिसमधून निघणाऱ्या दोन रस्त्यांवर लावल्या. पुढे त्या रस्त्यांवरून येजा करणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गावांतून औषधवाल्यांच्या नव्या मागण्या येऊ लागल्या, आणि वडिलांचा विश्वास बसला.

थोड्याच काळात या पाट्यांवर यमक आले आणि विनोद आला. सहा पाट्या, पहिल्या पाचांत मिळून एक चुटकुला, सहावीवर नाव. ताशी पस्तीस मैलांच्या वेगाने एकीपासून दुसरीपर्यंत सुमारे तीन सेकंद लागत आणि सगळी मालिका अठरा सेकंदांत पुरी होई. तिसऱ्या पाटीपर्यंत आलेला माणूस चौथी वाचल्याशिवाय राहत नाही. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान अर्धवट सोडतो तेव्हा श्रोता उठत नाही, तसेच हे. शिवाय आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे जाहिरातशास्त्राचे लेखक पुरेसे लक्ष देत नाहीत असे आम्हांस वाटते. गाडीत मुले असत. मुले त्या ओळी मोठ्याने वाचीत आणि बाप ऐके. म्हणजे हाकणाऱ्याला डोळे खर्च करावेच लागत नसत! नाव कानावाटे आत जाई, तेही आपल्याच लेकराच्या तोंडून. यापेक्षा भला विक्रेता कोणाला मिळेल?

कंपनीची वागणूकही मजेची होती. शेतकऱ्याच्या बांधावर पाट्या लावावयाच्या तर त्याला वर्षाला थोडेसे भाडे देत आणि त्याच्याशी घरोबा ठेवीत. पाट्यांची उंची घोड्यांना पाठ खाजवायला अगदी सोयीची ठरली आणि खांब मोडू लागले, तेव्हा खांब उंच केले. महाविद्यालयातील विद्यार्थी पाट्या उपटून नेऊ लागले, तेव्हा खांबाच्या जमिनीतील टोकाला आडवी दांडी ठोकली. नव्या ओळींसाठी स्पर्धा लावीत आणि निवडलेल्या प्रत्येक रचनेला शंभर डॉलर देत. हजारो माणसे त्यासाठी लिहीत. 1930 नंतरच्या दशकात तर पाट्यांवर सावध हाकण्याचा उपदेशही दिसू लागला. वळणावर पुढे जाऊ नका, दारू पिऊन चाकाला हात लावू नका, हे सगळे हसत हसत. साबण विकणाऱ्याने गिऱ्हाईक जिवंत राहावे अशी काळजी घ्यावी यात स्वार्थ आहे खरा. पण असा स्वार्थ आम्हांस मान्य आहे.

1958 साली त्यांनी नऊशे रिकाम्या बरण्या पाठविणाऱ्यास मंगळाची फुकट सफर देऊ केली. विस्कॉन्सिनमधल्या एका दुकान-व्यवस्थापकाने खरोखरच नऊशे बरण्या जमविल्या. आता काय करावे? जर्मनीत मोअर्स नावाचे एक गाव आहे, आणि त्याचा उच्चार इंग्रजीतील मंगळाच्या नावाजवळ जातो. कंपनीने त्या माणसाला सपत्नीक तेथे पाठविले. शब्द दिला तो पाळला!

मग या पाट्या गेल्या का? कारण वेग. 1956 साली अमेरिकेने महामार्गांचे मोठे जाळे विणण्याचा कायदा केला. नवे रस्ते रुंद, सरळ, गावाबाहेरून जाणारे. ताशी सत्तर मैलांनी जाणाऱ्याला तीन सेकंदांऐवजी दीडच सेकंद मिळणार, आणि रुंद रस्त्यामुळे पाटीही दूर जाणार. 1963 साली कंपनी फिलिप मॉरिस या मोठ्या कंपनीकडे गेली आणि पाट्या काढून टाकण्यात आल्या. एक मालिका वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने जपून ठेवली आहे.

याहून दूरची दृष्टी फ्रान्समधील मिशेलिन बंधूंची. आंद्रे आणि एद्वार मिशेलिन यांचा टायरांचा कारखाना क्लेरमाँ-फेराँ येथे. 1900 साली साऱ्या फ्रान्समध्ये मोटारी तीन हजारही नव्हत्या. टायर झिजला तरच नवा विकला जाणार, आणि माणसे बाहेर पडली तरच तो झिजणार. म्हणून त्यांनी पस्तीस हजारांच्या आसपास प्रती छापून एक लाल मार्गदर्शिका फुकट वाटली. पेट्रोल कोठे मिळते, चाक कसे बदलावे, मुक्काम कोठे करावा, सगळे तीत. त्यांनी गावोगावी रस्ते दाखविणाऱ्या पाट्याही उभ्या केल्या. 1920 पासून पुस्तकाला किंमत ठेवली, 1926 पासून उत्तम खाणावळींना तारा देऊ लागले. पुढे ताऱ्यांच्या तीन पायऱ्या झाल्या. त्यांचे अर्थ पाहावेत: दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जाण्याजोगी, तीन तारे म्हणजे मुद्दाम तेवढ्यासाठी प्रवास करण्याजोगी. आज जगातले मोठमोठे आचारी ज्या मानासाठी झुरतात तो मुळात टायरांच्या झिजेत मोजलेला आहे, हे किती जणांच्या ध्यानात येत असेल?

आता आपल्याकडे या. आमच्या घाटांत 'वाहने सावकाश हाका' ही जी पाटी असते ती आम्हांस फार आवडते. त्या 'हाका' शब्दात अजून बैल आहेत. लडाखमध्ये सीमा रस्ते संघटनेच्या 'हिमांक' प्रकल्पाने लावलेल्या यमकी, थट्टेखोर पाट्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना बर्मा-शेव्हचे गोत्र चटकन ओळखू येईल. लोणावळ्याची चिक्की आणि साताऱ्याचे कंदी पेढे यांच्या दुकानांवरचे 'अस्सल', 'मूळ' आणि 'सर्वांत जुने' असे फलक म्हणजे एक वेगळाच प्रकार आहे. एका रांगेत इतकी मुळे असलेली झाडे आम्ही दुसरीकडे कोठे पाहिली नाहीत. पण ही निरुपद्रवी माणसे.

उपद्रव मोठ्या फलकांचा आहे, आणि त्याचे कारण पुन्हा वेगच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने गाडी तीन सेकंदांत सुमारे 83 मीटर पुढे जाते. एवढ्या अवधीत वाचून व्हायचे तर अक्षर दुरून दिसले पाहिजे, म्हणजे मोठे हवे, म्हणजे फलक मोठा हवा. फलकाची बाजू तिप्पट केली की क्षेत्र नऊपट होते, आणि वाऱ्याचा रेटा क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो. फलक त्याच प्रमाणात उंच गेला तर त्याला उलथवू पाहणारा जोर ढोबळ मानाने सत्तावीसपट होतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. हे शाळेतले गणित आहे.

17 एप्रिल 2023 रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे महामार्गालगत वादळी पावसात आडोसा म्हणून फलकाखाली थांबलेल्या माणसांवर तो फलक कोसळला आणि पाचजण गेले. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरला पूर्व द्रुतगती महामार्गाजवळ पेट्रोल पंपावर असाच फलक पडला. सतरा माणसे मेली. मुंबईत चाळीस फूट बाय चाळीस फूट ही कमाल मर्यादा असता तो एकशेवीस फूट बाय एकशेवीस फूट होता. वरचे तिपटीचे गणित आम्ही हवेतून काढलेले नव्हते. त्या माणसांनी कोणता माल घ्यावा म्हणून तो फलक उभा होता हे आज कोणालाही आठवत नसेल. बर्मा-शेव्हचे नाव मात्र पाट्या जाऊन साठ वर्षे उलटली तरी अमेरिकेतील म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे.

मोठे फलक नसले तर धंदा बुडेल, असे म्हणणाऱ्यांनी व्हर्माँट राज्याकडे पाहावे. तेथे 1968 साली कायद्याने रस्त्याकाठचे जाहिरात-फलक बंद झाले आणि 1974 पर्यंत उरलेसुरले उतरविण्यात आले. दुकानदाराने, खाणावळवाल्याने काय करावयाचे? त्यांच्यासाठी सरकारी नमुन्याच्या लहान पाट्या आहेत. सर्वांना सारख्याच आकाराच्या, नाव आणि अंतर सांगणाऱ्या. त्या पाटीवर 'अस्सल' लिहायला जागा आहे की नाही, एवढे मात्र आमच्या लोणावळेकर मित्रांना तेथे जाऊन पाहावे लागेल.