सीमेपलीकडील मद्यपान : मोजमापातून गवसलेला मार्ग

शेजारच्या दोन प्रदेशांत मद्यविषयक कायदा भिन्न असला, की तरुणांचा ओघ सौम्य कायद्याच्या दिशेने वाहू लागतो. मद्यपान पलीकडे घडते. अपघाताचे भय मात्र परतीच्या वाटेवर असते. या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिका व मेक्सिको यांच्या सीमेवर झाला आहे.

अमेरिकेत १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर मद्यखरेदीसाठी २१ वर्षे वयाची अट सर्व राज्यांत लागू झाली. मेक्सिकोत ही मर्यादा १८ वर्षे आहे. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोलगत तिहुआना हे मेक्सिकन शहर वसले असून सीमा पायी ओलांडता येते. मोटार अलीकडे उभी करून जावे, रात्री उशिरा परतून तीच चालवीत घरी यावे, असा अनेक तरुणांचा परिपाठ होता.

१९९७ पासून संशोधकांनी शुक्रवार-शनिवारच्या रात्री नाक्यावर परतणाऱ्या पादचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. ‘किती प्यालात?’ या प्रश्नाचे उत्तर विश्वसनीय असतेच असे नाही. म्हणून मुलाखतीस श्वासपरीक्षेची जोड देण्यात आली. सहभाग ऐच्छिक होता आणि नाव विचारले जात नसे. कोण वाहन चालविणार व कोण केवळ प्रवासी, याचीही नोंद होई. हेतू शिक्षेचा नसून वस्तुस्थिती जाणण्याचा असल्याने तरुण मोकळेपणाने बोलत.

अशा मोजमापाचे मोल टेक्सासमधील एल पासोसमोरच्या सियुदाद हुआरेस शहरात दिसून आले. तेथील मद्यालये पहाटे ५ पर्यंत उघडी असत. १ जानेवारी १९९९ पासून ती २ वाजता बंद होऊ लागली. त्यानंतर नाक्यावरील पाहणीत पहाटे ३ नंतर मद्यधुंद अवस्थेत परतणाऱ्या अमेरिकन तरुणांची संख्या लक्षणीय प्रमाणात घटल्याचे आढळले. वयाची अट न बदलता केवळ वेळेच्या निर्बंधाने हे साधले.

महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयोमर्यादा २५ वर्षे आहे, तर गोव्यात ती त्याहून कमी आहे. तेव्हा हा अनुभव येथेही विचारार्ह ठरतो. केवळ उपदेशाने वा दंडाने तरुण सुरक्षित घरी पोहोचेलच असे नाही. तो कोणत्या वेळी, कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या वाहनाने परततो, हे आधी जाणून घेतले पाहिजे. उपाययोजनेचा आरंभ तेथूनच होतो.