फळाचा गर: किती मऊ, किती दिवस?

सफरचंद कापून थोडा वेळ ठेवलं की फोडी तांबूस पडतात. त्यावरून घरोघरी एक समज रूढ झाला आहे: सफरचंदात लोह भरपूर असतं, म्हणून त्याला गंजासारखा रंग चढतो. एरवी या समजानं कोणाचं काही बिघडलं नसतं. पण सहा महिन्यांच्या बाळाला वरचं अन्न सुरू करताना याच समजावर भिस्त ठेवून आठवडेच्या आठवडे सफरचंद भरवलं जातं, तेव्हा तो तपासून घ्यावा लागतो. या रंगामागे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. सुरी फिरते तशा पेशी फुटतात, आतली फिनॉल संयुगं आणि हे विकर एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंगद्रव्य तयार होतं. या विकराच्या रेणूत धातू असतो खरा, पण तो तांबं, लोह नव्हे. शंभर ग्रॅम सफरचंदात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं.

फोडी वाफवल्या की हे विकर निकामी होतं. म्हणून आधी वाफवून मग वाटलेला गर फिकट राहतो, आणि कच्चा कीस वाटीतच काळवंडतो. वाफेचं दुसरं काम याहून मोठं आहे. भिंतीतल्या विटा जशा चुन्यानं सांधलेल्या असतात, तशा फळाच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना धरून असतात. उष्णतेनं पेक्टिन सैल होऊन विरघळू लागतं, पेशी सुट्या होतात आणि फोड चमच्याच्या पाठीनं दाबली तरी मोडते. केळं, चिकू, पपई, आंबा यांच्यात हेच काम पिकता पिकता फळाची स्वतःची विकरं करून ठेवतात. त्यामुळे ही फळं शिजवावी लागत नाहीत. स्वच्छ हातानं सोलून कुस्करली की झालं. सफरचंद आणि पेअर मात्र सोलून, बिया काढून वाफवायला हवेत. मोदकपात्र किंवा कुकरमधला डबा त्यासाठी पुरेसा आहे. पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलं, तर पाण्यात विरघळणारं क जीवनसत्त्वही त्याबरोबर जातं.

गर तयार झाला. आता त्यातून बाळाच्या पोटात काय जातं, ते पाहू.

आईच्या शंभर मिलिलिटर दुधात साधारण ६५ ते ७० किलोकॅलरी असतात. शंभर ग्रॅम सफरचंदात जेमतेम ६०. त्यात पाणी घालून ‘घशाला लागू नये’ म्हणून सरबरीत केलं, की हा आकडा ५०च्या खाली घसरतो. म्हणजे बाळाला अंगावरच्या दुधाच्या जोडीला काहीतरी भरीव मिळावं म्हणून जे अन्न सुरू केलं, तेच दुधापेक्षा हलकं निघालं. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २०० मिलिलिटर मावतं. त्यातली जागा पातळ गरानं अडवली, तर बाळ दूध तेवढं कमी पितं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार अंगावर पिणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज २०० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा लागते. पाणी घातलेल्या सफरचंदातून ती मिळवायची तर चारशे ग्रॅमहून जास्त गर भरवावा लागेल. इतकं कोणतंही बाळ खाणार नाही आणि खाऊही नये.

लोहाचं गणित तर आणखी अवघड आहे. पोटात असताना, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, बाळ आईकडून लोहाचा साठा घेतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधातलं लोह चांगलं शोषलं जातं, पण असतं अगदी थोडं: लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी. साठा संपत येतो आणि मेंदूची वाढ जोरात चालू असते, नेमकी तेव्हाच वरच्या अन्नाची वेळ येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१मध्ये, सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या भारतीय बालकांपैकी ६७.१ टक्के बालकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. महाराष्ट्रात हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात, पण लोहाची कमतरता हे त्यांतलं मोठं कारण. दर तीन बालकांतली दोन या यादीत असताना फळाच्या वाटीवर समाधान मानणं परवडणारं नाही.

फळ बाद करावं, असा याचा अर्थ नाही. फळाला ताटात योग्य जागा द्यावी, एवढंच. डाळी, नाचणी, पालेभाज्या यांतलं लोह शरीराला सहजी शोषता येत नाही, कारण धान्य-डाळींतली फायटेटसारखी संयुगं त्याला धरून ठेवतात. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेलं, तर हे लोह शोषलं जाण्याचं प्रमाण दुपटी-तिपटीनं वाढू शकतं. आणि इथे सफरचंदापेक्षा गावरान फळं कितीतरी पुढे आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत पेरूच्या शंभर ग्रॅम गरात क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमहून जास्त दाखवलं आहे. पपईत ते चाळिशीच्या घरात आहे, सफरचंदात अगदीच किरकोळ. पेरू पिकलेला, मऊ घ्यावा, किंचित वाफवावा आणि पुरणयंत्रातून काढावा, म्हणजे बिया वर राहतात. बाळाच्या अन्नासाठी परदेशी गाळणयंत्रं हल्ली महाग किमतीला विकली जातात. पुरणयंत्र जवळजवळ तेच काम करतं आणि पुष्कळ मराठी घरांत ते आधीपासून असतं.

नाचणी सत्त्वाच्या लापशीत पपईचा किंवा पेरूचा दोन चमचे गर, वर अर्धा चमचा तूप: हा घास एकट्या गराहून कितीतरी सरस ठरतो. त्याच तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅमच्या वर लोह असतं. तुपामुळे ऊर्जा वाढते आणि पपई-आंब्यातलं बीटा-कॅरोटिन शोषायला लागणारा स्निग्धांशही मिळतो. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करण्याची रीत तर शास्त्राच्या कसोटीवर पुरेपूर उतरली आहे. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर वाढतं आणि ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं. त्यामुळे लापशी फार घट्ट होत नाही आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात बालआहारात अशा मोडाच्या पिठाच्या वापरावर संशोधन केलं. चिमूटभर मोडाचं पीठ घातलं तरी घट्ट लापशी पातळ होते, आणि त्यासाठी पाणी वाढवावं लागत नाही.

अंडं, मासे खाणाऱ्या घरांनी ते बाळापासून लांब ठेवण्याचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत सहा महिन्यांपासून पुढे अंडी, मासे किंवा मांस आणि फळं-भाज्या रोज द्याव्यात, असं स्पष्ट म्हटलं आहे.

केळ्याबद्दल एक बारकावा. कच्च्या केळ्यात वजनाच्या सुमारे वीस टक्के पिष्ट असतं. पूर्ण पिकल्यावर ते एक-दोन टक्क्यांवर येतं, बाकीच्याची साखर होते. लहान बाळाच्या स्वादुपिंडातून अमायलेज अजून कमीच स्रवत असतं. म्हणून सालीवर काळे ठिपके आलेलं केळं त्याला अधिक सोसतं. असं केळं खाल्ल्यावर बाळाच्या शीत बारीक काळे दोरे दिसतात. पुष्कळ आया ते जंत समजून घाबरतात, पण ते केळ्यातलेच तंतू असतात. केळी, आंबे, पपई कॅल्शियम कार्बाइडनं पिकवायला भारतात बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश असू शकतात. इथिलीन वायूनं, नियमांच्या मर्यादेत, पिकवलेली फळं चालतात. फळ धुऊन, साल काढूनच वापरावं.

आता चवीचा प्रश्न. गोड चव बाळाला जन्मतःच आवडते, ती शिकवावी लागत नाही. शिकवावी लागते ती कडवट, तुरट, हिरवी चव. फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमध्ये कॅथरिन फॉरेस्टेल आणि ज्युली मेनेला यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही बाळांना आठ दिवस वाटलेल्या फरसबीच्या शेंगा भरवल्या, तर काहींना शेंगांच्या पाठोपाठ पीच फळाचा गर दिला. आठवड्याभरानंतर दोन्ही गट शेंगा अधिक खाऊ लागले. तोंड वाकडं करणं मात्र ज्यांना मागून फळ मिळालं होतं त्यांच्यातच कमी झालं. आयांसाठी यात दोन गोष्टी आहेत. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं म्हणजे त्याला ते नकोच आहे, असं नसतं. आणि भाजीचा चमचा आधी, फळाचा नंतर, हा क्रम कामाचा आहे. दुधी किंवा लाल भोपळा फळाच्या गरात लपवून दिला, तर बाळ फळाचीच चव शिकतं.

गुळगुळीत गर हाच बाळाचा आहार, ही कल्पना तशी नवी आहे. १९२८मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्रीमाँट गावी गर्बर कुटुंबाच्या कारखान्यानं गाळलेले मटार, गाजर, पालक आणि आलुबुखार डब्यात भरून विकायला सुरुवात केली. पुढे हे डबे जगभर गेले आणि एकही कण नसलेला गर हेच बाळाच्या अन्नाचं प्रमाण मानलं जाऊ लागलं. मिक्सरनं ते घरोघरी सोपं केलं. आपल्याकडचा गुरगुट्या भात, कुस्करलेलं केळं, घोटलेलं वरण यांत मात्र कण राहतातच, आणि त्या कणांना काम असतं.

पहिल्या दिवसांत बाळ जिभेनं घास बाहेर ढकलतं. ही जन्मजात प्रतिक्रिया चौथ्या ते सहाव्या महिन्यात ओसरते. नंतर जीभ घास बाजूला नेऊन हिरड्यांखाली दाबायला शिकते. दात नसले तरी हिरड्या मऊ फोड चिरडू शकतात. मात्र त्यासाठी तोंडात चिरडण्याजोगं काही यायला हवं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरात १९९१-९२पासून हजारो मुलांचा मागोवा घेणाऱ्या दीर्घकालीन अभ्यासात असं दिसलं, की ज्यांना कणीदार अन्न नऊ महिन्यांनंतर मिळू लागलं, ती मुलं सातव्या वर्षी फळं-भाज्या कमी प्रकारच्या आणि कमी खात होती. खाण्याच्या तक्रारीही त्यांच्यात जास्त होत्या. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, हे खरं. पण युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१७मध्ये आठ ते दहा महिन्यांच्या आत कणीदार अन्न सुरू व्हावं, असं सांगितलं आहे. म्हणून मिक्सर पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरताच बरा. मग पुरणयंत्र, मग काट्यानं किंवा हातानं कुस्करणं. सातव्या महिन्यातला गर चमचा उलटा केल्यावर पटकन ओघळू नये, इतका दाट असावा.

साखर, गूळ, मीठ यांची पहिल्या वर्षात गरज नाही. फळाचा रसही नको: गाळताना तंतू जातात आणि साखर तेवढी उरते. मधाचं मात्र जास्त बजावून सांगायला हवं, कारण आपल्याकडे जन्मल्यावर मध चाटवण्याची आणि बाळगुटी मधात उगाळण्याची प्रथा आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात, आणि त्यानं स्नायू लुळे पडतात. हा आजार १९७६मध्ये कॅलिफोर्नियात ओळखला गेला. घरगुती उकळीनं बीजाणू मरत नाहीत. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही, हा नियम पाळावाच लागतो.

गर शक्यतो ताजा करावा. उरलाच तर लगेच झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. बाळाचा चमचा ज्या वाटीत बुडाला, त्यातलं उरलेलं टाकून द्यावं, कारण लाळेतले जंतू त्यात वाढतात. मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग काढून धुवावी. कालच्या चटणीचा अंश तिच्याखालीच अडकलेला असतो. बाटली आणि बोंडलं आतून स्वच्छ होत नाहीत, वाटी-चमचा होतो.

नवव्या महिन्याच्या सुमाराला बाळ अंगठा आणि तर्जनी जुळवून वस्तू उचलू लागतं. तेव्हा पिकलेल्या पपईच्या, आंब्याच्या, वाफवलेल्या पेअरच्या बोटभर लांब फोडी त्याच्या हातात द्याव्यात. बाळ ताठ बसलेलं असावं, मोठं माणूस समोर असावं. कच्च्या सफरचंदाचा तुकडा आणि अख्खं द्राक्ष या वयात नको. द्राक्ष उभं चार भागांत चिरूनच द्यावं. चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो, तो घशात अडकतो. सीताफळाच्या बियाही एकेक करून काढाव्या लागतात. घास पुढे गेला की बाळ ओकारी काढतं, खोकतं, लाल होतं. ती शरीराची संरक्षक प्रतिक्रिया आहे, त्या वेळी तोंडात बोट घालू नये. पण बाळाला रडता किंवा खोकता येत नसेल, आवाज फुटत नसेल, तर श्वास अडला आहे असं समजावं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, खांद्यांच्या मधोमध तळव्यानं पाच थापा द्याव्यात. घास न निघाल्यास उताणं करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबावं, आणि मदत येईपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवावं. बाळाचा पहिला चमचा भरवण्याआधी घरातल्या सगळ्यांनी, आजी-आजोबांसह, हे बालरोगतज्ज्ञांकडून किंवा आरोग्य केंद्रातून प्रत्यक्ष शिकून घ्यावं.