गंगेच्या पात्रातले देऊळ

मुद्गल हे पाथरी तालुक्यातले गोदाकाठचे गाव. गाव काठावर आहे, पण त्याची ओळख असलेले मुद्गलेश्वराचे देऊळ थेट नदीच्या पात्रात उभे आहे. पावसाळ्यात नदीला पाणी आले की त्याचे बेट होते आणि पूर मोठा असला की बेटही दिसेनासे होते. पाणी ओसरले की गावकरी गाळ काढतात, फरशी धुतात, पुन्हा दिवा लावतात. परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, जलदुर्ग नाही. पण पाण्याने वेढलेली, पाण्यात बुडणारी आणि तरीही टिकलेली वास्तू पाहायची असेल तर मालवणला किंवा मुरूडला जाण्याआधी मुद्गलला जावे, असे मी मनापासून म्हणेन.

इकडे गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीतून निघून 1465 किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचा पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा हा टप्पा तसा शांत. पात्र रुंद, उतार कमी, दोन्ही काठांना खोल काळी जमीन. पण शांत नदी चढली की पसरते आणि लवकर उतरत नाही. नाशिकला पुराचे माप दुतोंड्या मारुतीवर घेतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, असे शहरभर बोलले जाते. मुद्गलला तेच काम देवळाने शतकानुशतके केले आहे. फरक एवढाच की त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

पुरात उभ्या इमारतीवर काय काय गुजरते हे आधी समजून घेतले पाहिजे, नाहीतर हे देऊळ टिकण्यामागचे शहाणपण दिसत नाही. पाण्याचा धक्का बाजूने बसतो, हे कुणालाही कळते. त्याहून वाईट असते ते पाण्याचे उचलणे. आपला काळा बेसाल्ट पाण्यापेक्षा पावणेतीन ते तीन पट जड असतो. म्हणजे जमिनीवर एक टन भरणारा दगड पूर्ण बुडाला की साडेसहाशे किलोंच्या आसपासच उरतो. जी भिंत निव्वळ वजनावर उभी आहे तिचे तिसरा हिस्सा वजन ऐन धक्क्याच्या वेळी नाहीसे होते. त्यात पायाखालची माती धुपते, वाहून आलेली झाडे आदळतात. शिवाय पूर झपाट्याने उतरला तर भिंतीच्या आत अडकलेले पाणी बाहेर पडायला पाहते आणि तटलेल्या ठिकाणी दगड बाहेर ढकलते.

दगडांच्या सांध्यात चुना न भरता नुसत्या घडाईवर रचलेली भिंत या शेवटच्या संकटातून सुटते. सांध्यातून पाणी आत येते तसेच बाहेर जाते. आतबाहेर पातळी जवळजवळ बरोबरीने चढते आणि उतरते. चालुक्य आणि यादव काळातल्या मराठवाड्यातल्या देवळांची भिंत मुळात अशीच, सुक्या जोडाची. पुरासाठी म्हणून ती पद्धत निघालेली नाही, कोरड्या माळावरची देवळेही तशीच बांधली गेली. पण पात्रात तिचे मोल वेगळे ठरले. आणि खाली कातळ पक्का असल्याखेरीज पात्रातली वास्तू इतकी वर्षे जागची हलल्याशिवाय राहत नाही. जागा निवडणाऱ्याने नदीचा तळ नीट पारखला होता, असा याचा सरळ अर्थ आहे.

त्या काळच्या कुठल्याही मंडपात शिरल्यावर एक गोष्ट जवळून पाहावी. खांब एकसंध नसतो. चौकोनी तळखडा, त्यावर कुठे चौकोनी कुठे अष्टकोनी होत जाणारा स्तंभ, वर गोल थर, मग हात वर करून भार पेलणारे कीचक आणि त्यांच्यावर तुळई. प्रत्येक तुकडा खालच्यावर नुसता ठेवलेला. काही ठिकाणी मधोमध दगडाचीच कूस आणि तिच्यासाठी खोबण. दोन पृष्ठभाग एकमेकांवर पूर्ण टेकले तरच भार सरळ खाली जातो. एका कोपऱ्यात बोटभर पोकळी राहिली तर दगड तिथेच तडकतो. म्हणून बाहेरून दिसणाऱ्या नक्षीपेक्षा कधीच न दिसणारी आडवी बाजू घडवायला पाथरवटाला जास्त कसब लागे. छताचेही तसेच. चार तुळयांच्या चौकोनावर कोपरे कापणाऱ्या तिरप्या शिळा, त्यांच्यावर पुन्हा तिरप्या, असे करत चौकोन लहान होत जातो आणि शेवटी एका शिळेने मिटतो. खरी कमान त्यात कुठेच नाही. शिळेचा पुढे आलेला भाग खाली कलू नये म्हणून तिच्या मागच्या टोकावर पुरेसे वजन ठेवलेले असते. हे वजन कुणी उतरवले, छतावरचे दगड "मोकळे आहेत" म्हणून काढले, तर मंडप कधी ना कधी खाली येणार.

मुद्गल हे नाव मुद्गल ऋषींशी जोडले जाते आणि अहिल्याबाई होळकरांनी इथे जीर्णोद्धार केल्याचे सांगतात. देशभर देवळांची, घाटांची कामे करणाऱ्या अहिल्याबाईंची ही आठवण मराठवाड्यात अनेक गावांनी जपली आहे. अशा ठिकाणी भिंत वाचता आली पाहिजे. मोठ्या घडीव शिळांचे सुके थर जुने. त्यांच्यावर लहान दगड, सांध्यात चुना, वर विटांचे काम दिसले तर ते मराठेकालीन किंवा त्यानंतरचे. औंढ्या नागनाथला हे कुणालाही दिसेल. खालचा शिल्पांनी भरलेला दगडी भाग एका काळाचा, वरचे बांधकाम सरळ दुसऱ्या काळाचे. (औंढा आज हिंगोली जिल्ह्यात आहे. 1 मे 1999पर्यंत तो परभणीतच होता, आणि वास्तूंचा अभ्यास करताना ही सरहद्द विसरलेली बरी.)

मुद्गलहून नदीबरोबर खाली गेले की गंगाखेड तालुक्यात धारासूर लागते. तिथले गुप्तेश्वर मंदिर काठाजवळच्या जमिनीवर, उंच जगतीवर उभारलेले. पात्रातल्या देवळापेक्षा काठावरचे सुखरूप असेल असे वाटावे, पण कहाणी उलटी आहे. गुप्तेश्वराच्या बाह्यांगावरच्या सुरसुंदरी मराठवाड्यातल्या उत्तम शिल्पांत गणल्या जातात. त्याहून दुर्मीळ आहे ते विटांचे शिखर. या प्रदेशातल्या बहुतेक जुन्या देवळांची मूळ शिखरे गेली. कुणी सपाट छत केले, कुणी नवा घुमट बसवला. धारासूरला भूमिज पद्धतीचे शिखर ओळखू येईल इतके उरले. भूमिजमध्ये शिखराच्या चारही बाजूंना मधून एक उभा पट्टा वर जातो आणि पट्ट्यांमधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी मजल्यामजल्याने लहान होत चढतात. अंबरनाथला शके 982चा, म्हणजे 1060चा लेख असलेल्या देवळात हीच रचना दगडात आहे, सिन्नरच्या गोंदेश्वरातही. धारासूरला ती विटेत उतरवली, आणि त्यात हिशेब होता. वीट दगडापेक्षा बरीच हलकी. काळ्या मातीच्या मुलखात भिंतींवर जितका भार कमी, तितके बरे.

या मुलखातला खरा शत्रू पायाखालीच असतो. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात आत जाईल अशा भेगा टाकते. कपाशीला ती सोन्यासारखी, पायाला वैरीण. मुरूम लागेपर्यंत खोदून पाया भरला तरी भोवतालची माती दरवर्षी ढकलते आणि सोडते. शेकडो पावसाळे हे चालले की जगतीचे दगड सरकतात, भिंत कलते, शिखराचा भार मध्यावरून ढळतो. गुप्तेश्वर तसेच खचत गेले. आधी कठड्याचे दगड, मग बाजूची शिल्पे, मग सगळा डोलाराच धोक्यात. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने पुढे त्याचे जतन हाती घेतले, हे फार बरे झाले. पात्रातल्या कातळावरचे देऊळ पूर झेलून उभे आणि काठच्या मातीवरचे न बुडता खचलेले, हा फरक प्रत्येक स्थापत्याच्या विद्यार्थ्याने या दोन गावांत जाऊन बघावा.

नदीपासून दूर, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात देवळांचा सगळा समूहच आहे. गोकुळेश्वर, जोड महादेव, नृसिंहतीर्थ, आणि या सगळ्यांत एकटा उभा असलेला तो उंच दगडी स्तंभ. कुणी त्याला दीपमाळ म्हणते, कुणी मानस्तंभ. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव तर गाळ आणि झुडपांनी बुजलेली होती. गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली. चारठाण्यावर वेगळा लेखच लिहायला हवा. इथे एवढेच सांगतो की परभणी जिल्ह्यातल्या बांधणाऱ्यांना पाणी खोल विहिरीत उतरवून घेणे जमत होते, तसेच वाहत्या पात्रात त्याच्या वाटेत उभे राहणेही.

एवढे घडवणारा हा भाग तेव्हा आडवळणाचा नव्हता. वर पैठण, खाली नांदेड, आणि मधल्या गंगथडीवर पेठा, देवळे, अग्रहारे. पाथरीचे वजन पुढेही टिकले. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे, असे फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे, आणि या गावासाठी निजामशाही व इमादशाही एकमेकांशी लढल्या. नंतर हा मुलूख हैदराबादच्या राज्यात गेला. हेन्री कझेन्सची निजामाच्या मुलखातल्या प्राचीन अवशेषांची यादी 1900 साली निघाली, 1914 साली हैदराबादचे पुरातत्त्व खाते सुरू झाले, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. या खात्याची मोठी शक्ती अजिंठा-वेरूळकडे गेली, ते साहजिकच होते. मराठवाड्यातल्या देवळांचा बारकाईने अभ्यास झाला तो पुढे, डॉ. गो. बं. देगलूरकरांच्या हातून. त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1974 साली नागपूरहून निघाला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत एकेका देवळाचे मोजमापासह आराखडे व्हायला हवे होते. बहुतेकांचे झाले नाहीत.

मधल्या काळात नदी बदलली. पैठणला जायकवाडी झाले, 1976 साली नाथसागर भरला. त्याच्या खाली परभणी जिल्ह्याच्या टप्प्यात ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, मुळी, डिग्रस असे उच्च पातळी बंधारे एकामागून एक आले. शेतीला पाणी हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण पूर्वी पावसाळ्यात येऊन जाणारे पाणी आता बंधाऱ्यांच्या मागे महिनोन्‌महिने साठून राहते. पुराचा तडाखा सोसायला घडलेल्या दगडाला साठलेले पाणी, शेवाळ, पातळीच्या रेषेवर रोजचे ओले-सुके होणे आणि त्यातून बाहेर येणारे क्षार हा वेगळाच जाच असतो.

जगाने हा प्रश्न पाहिलेला आहे. इजिप्तमध्ये नाईलच्या पात्रातल्या फिले बेटावरची मंदिरे 1902 साली आस्वानचे पहिले धरण झाल्यावर वर्षाचा मोठा काळ पाण्यात राहू लागली. भिंतींवरचे हजारो वर्षांचे रंग धुऊन गेले. वरचे मोठे धरण झाल्यावर युनेस्कोच्या पुढाकाराने मंदिराभोवती बांध घालून पाणी उपसले गेले, सुमारे 40 हजार दगड मोजून, क्रमांक टाकून जवळच्या अगिलकिया बेटावर हलवले आणि 1980 साली मंदिर पुन्हा उघडले. आपल्याकडेही श्रीशैलम धरणापायी कुडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर उतरवून आलमपूरला पुन्हा उभारले. नागार्जुनसागरच्या वेळी खोऱ्यातले बौद्ध अवशेष टेकडीवर नेले, आणि धरण भरल्यावर ती टेकडीच बेट झाली. उलट उजनीत इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे पळसनाथ मंदिर जसेच्या तसे बुडू दिले. पाणी खाली गेले की ते वर येते, लोक फोटो काढायला जातात आणि पाणी चढले की परत येतात.

मुद्गलेश्वराला हलवावे असे मी म्हणत नाही. त्याची सगळी थोरवी त्याच्या जागेत आहे. मला काळजी आहे ती भाविकांच्या हाताची. देवळावरच्या प्रेमापोटीच गावोगाव सुक्या सांध्यांत सिमेंट भरले जाते, शिल्पांवर ऑईलपेंट चढतो, गाभाऱ्यात चकचकीत फरशी येते. सिमेंट दगडापेक्षा ताठ आणि बंद. सांधा बुजला की पाण्याची येजा थांबते, पुराचे पाणी आत कोंडते आणि पुढच्या वेळी दगडच फुटतो. सिमेंटमधले क्षार दगडात शिरून त्याचे पापुद्रे काढतात. पात्रातल्या वास्तूत सांधे सिमेंटने भरणे म्हणजे तिला शतकानुशतके वाचवणारी गोष्टच काढून घेणे. जिथे मुळातच चुना आहे तिथे घाणीवर मळलेला, मुरवलेला चुनाच वापरावा. जिथे सुका सांधा आहे तिथे त्याला हात लावू नये.

यादवकाळात याच गंगथडीवर चक्रधरस्वामी फिरले. ते जिथे जिथे राहिले ती ठिकाणे महानुभावांनी स्थानपोथीत नोंदवली. कुठले देऊळ, त्याचे तोंड कोणत्या दिशेला, गाव कुठे, नदी कुठे, हे सगळे त्यात आहे. शिखरे पडली, देवळे गेली, पण त्या नोंदींवरून आज जागा शोधता येते. इतके सोपे काम आपल्याला अवघड का व्हावे?

परभणीतल्या अभियांत्रिकी आणि इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. फाल्गुन-चैत्रात पात्रातले पाणी खाली असते, तेव्हा विद्यार्थ्यांना घेऊन मुद्गलला जा. गावकऱ्यांना आणि पुरातत्त्व विभागाला विश्वासात घ्या. तळविन्यास काढा, भिंतीचा एकेक थर मोजा, प्रत्येक दर्शनी दगडाचा फोटो क्रमांकासह ठेवा, कोणता सांधा सुका आणि कोणता भरलेला ते लिहा. भिंतीला न लावता, जवळ काठावर पाण्याच्या पातळीची एक मोजपट्टी उभी करा आणि दर पावसाळ्यात तिची नोंद शाळेच्या वहीत होऊ द्या. एक प्रत गावात, एक जिल्हाधिकारी कार्यालयात, एक विद्यापीठात ठेवा. ज्या गावात जीर्णोद्धारासाठी वर्गणी गोळा होत असेल, तिथल्या समितीने पहिला खर्च या आराखड्यावर करावा आणि तो हातात येईपर्यंत सिमेंटचे पोते देवळाच्या आवारात येऊ देऊ नये.