धड तेच, डोकी तीन

ताम्रपट म्हटला की आपल्याला दानपत्र आठवते. एकदा कोरले की पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे. सतराव्या शतकातल्या युरोपात मात्र तांब्यावर कोरलेला सेनापती पुसून तिथे दुसरा बसवता येई. फ्रेंच कारागीर पिएर लोंबार याने १६५५च्या सुमारास कोरलेला घोडेस्वार पाहा. अंगात चिलखत, हातात सेनापतीचा दंड. मांडणी चित्रकार व्हॅन डाइकने १६३३मध्ये रंगवलेल्या, इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या चित्रावरून उचललेली. या एकाच पत्र्याच्या छापांत धडावर कधी क्रॉमवेलचे डोके दिसते, कधी फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे, तर कधी खुद्द चार्ल्सचे. ज्या राजाच्या मृत्युदंडाच्या फर्मानावर क्रॉमवेलने सही केली, त्याच राजाच्या घोड्यावर तो ऐटीत बसला आहे. मला वाटते, अशी चित्रे आधी सेनापतिपदाची होती आणि मग माणसाची.

तांबे महाग, म्हणून जुना पत्रा वापरला, एवढेच त्यात आहे, असे कोणी म्हणेल. काटकसर होतीच. पण डोके बदलणे हे काही सोपे काम नव्हते. आधी जुन्या रेघा खरवडायच्या. त्याने पत्र्याला खळगा पडतो. मग पत्रा पालथा घालून नेमक्या त्याच जागी हातोडीने ठोकत तो वर आणायचा, घोटून गुळगुळीत करायचा आणि नवा चेहरा उलटा कोरायचा, कारण कागदावर डावे-उजवे फिरते. शिवाय काटकसरीचे कारण विकणाऱ्यापुरते झाले. घेणाऱ्याला उसने धड का चालले? घोडा, चिलखत आणि दंड यांत त्याला हवा असलेला सेनापती आधीच मिळत होता, म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चेहऱ्याला किंमत नसती, तर तो खरवडला कशाला? किंमत होतीच, हा कोण, हे चेहराच सांगे. पण तो समोर बसवून टिपलेला असावा, असा आग्रह नव्हता. व्हॅन डाइकच्या नामवंतांच्या चित्रमालिकेत वॉलेनस्टाइन आणि गस्टाव्ह अडॉल्फ हे त्या काळचे दोन्ही सेनानी आहेत. व्हॅन डाइकसमोर बसले मात्र दोघांपैकी कोणीच नव्हते. लोंबारच्या पत्र्याची एक छाप तर बिनडोक्याची आहे. मानेच्या वर नुसता कोरा कागद, आणि खाली दंड धरलेला हात जिथल्या तिथे.