घरगुती बिअर: हौसेतून उभी राहिलेली शाळा

14 ऑक्टोबर 1978 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका करविषयक विधेयकावर सही केली. त्यात सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या पुढाकाराने आलेली एक छोटी दुरुस्ती होती: प्रौढ माणसाने स्वतःच्या वापरासाठी घरी वर्षाला 100 गॅलन बिअर केली, किंवा दोन प्रौढांच्या घरात 200 गॅलन केली, तर तिच्यावर केंद्राचा कर लागणार नाही. 1933 मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला सूट मिळाली होती, बिअर मात्र तशीच राहून गेली. ही चूक सुधारायला पंचेचाळीस वर्षे लागली. सवलत तशी किरकोळच. पण पुढच्या चार दशकांत अमेरिकी बिअरचे जे रूपांतर झाले, त्याची मुळे भांडवलापेक्षा या हौशी मंडळींच्या स्वयंपाकघरांत अधिक सापडतात, असे माझे मत आहे.

त्यासाठी आधी या घरगुती कामाचे स्वरूप पाहायला हवे. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे मॉल्ट, भरडून साधारण 65 ते 68 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात. धान्यातलीच विकरे त्यातल्या पिठाची साखर करतात. तापमान थोडे खाली ठेवले तर बिअर कोरडी होते, वर ठेवले तर अंगाने जड. दोन-तीन अंशांचा फरक जिभेला कळतो. गाळलेला गोड अर्क तासभर उकळायचा. हॉप्सची फुले सुरुवातीला टाकली तर कडवटपणा येतो, शेवटी टाकली तर सुगंध. मग अर्क झटपट थंड करून त्यात यीस्ट सोडायचे. विरजण लावताना दूध फार गरम असून चालत नाही, तसेच इथेही आहे. त्यापुढचे काम यीस्टचे, आणि माणसाचे काम भांडी स्वच्छ ठेवण्याचे. उकळी उतरल्यानंतर अर्काला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी, नाहीतर परके जिवाणू ताबा घेतात. या छंदात सर्वाधिक वेळ धुण्यात जातो, हे त्याच्या जाहिराती सांगत नाहीत. हायड्रोमीटरने घनता सुरुवातीला 1.050 आणि शेवटी 1.010 भरली, तर मद्यार्क सुमारे सव्वापाच टक्के, हा हिशेब कोणालाही करता येतो. एका खेपेला साधारण पाच गॅलन, म्हणजे 19 लिटर बिअर निघते. ती बिघडली तर मोरीत ओतून पुन्हा सुरुवात करायची.

मोठ्या कारखान्याला हे ‘पुन्हा’ परवडत नाही. तिथे हजारो लिटरची टाकी बिघडली तर नुकसान मोठे, म्हणून सर्वांना चालेल अशी सौम्य, फिकट लागर एकसारखी काढत राहणे हेच शहाणपण ठरते. 1970 च्या दशकाअखेर अमेरिकेत शंभरापेक्षा कमी ब्रुअरी उरल्या होत्या आणि त्यांची चव जवळपास एकच होती. याउलट हौशी माणसाला विक्रीची चिंता नसते. तो गडद स्टाउटही करतो, इंग्लिश पेल एलही करतो, चुकतो आणि वहीत लिहून ठेवतो. या वह्या लोकांच्या हाती येऊ लागल्या, तेव्हा छंदाला शाळेचे रूप आले. ओरेगनच्या फ्रेड एकहार्ट यांनी 1970 मध्येच, कायद्याची वाट न पाहता, लागरवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. लॉस एंजेलिस परिसरातला माल्टोज फाल्कन्स हा हौशी मंडळींचा क्लब 1974 पासून चालला आहे. कोलोराडोतल्या बोल्डरमध्ये चार्ली पपाझियन हे गृहस्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांना बिअर करायला शिकवत. अणुअभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या या माणसाने 1978 मध्ये अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन आणि ‘झायमर्जी’ नियतकालिक सुरू केले. स्पर्धा आल्या, परीक्षक आले, आणि बिअरमध्ये लोण्यासारखा वास का येतो यावर सामान्य माणसे विकरांच्या भाषेत वाद घालू लागली.

या शाळेतून निघालेल्यांची नावेच पुरावा आहेत. नौदलात असताना स्कॉटलंडला गेलेले जॅक मॅकऑलिफ तिथल्या एलच्या ओढीने घरी बिअर करू लागले आणि 1976 मध्ये सोनोमात त्यांनी न्यू अल्बियन ही चिमुकली ब्रुअरी उभारली. ती 1982 मध्ये बंद पडली, पण अनुकरणाला वाट मिळाली. केन ग्रॉसमन यांनी चिको गावात घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालवले आणि 1980 मध्ये सिएरा नेवाडाची पहिली बिअर काढली. तिच्यातल्या कॅस्केड हॉप्सचा लिंबूवर्गीय वास पुढे अमेरिकन पेल एलची ओळख झाला. आज त्या देशात नऊ हजारांहून अधिक ब्रुअरी आहेत. यावर आक्षेप असा, की 1976 च्या कायद्याने लहान उत्पादकांचा अबकारी कर कमी केला, खरे कारण तेच. कर कमी झाल्याने तग धरायला मदत झाली, हे मान्य. पण करसवलतीने कोणाला यीस्ट सांभाळता येत नाही. ते शिकलेली माणसे आधी लागतात. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी 1965 मध्ये वाचवणारे फ्रिट्झ मेटॅग मात्र हौशी नव्हते, त्यामुळे सगळे श्रेय स्वयंपाकघराला देणे अतिरेकाचे होईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: घरोघरी दारू म्हणजे व्यसनाला आमंत्रण आणि विषबाधेची भीती. विषबाधेचे उत्तर सोपे आहे. मुंबईत मालवणीला 2015 मध्ये शंभरावर बळी गेले ते दारूत मिसळलेल्या विषारी मिथेनॉलने. घरगुती बिअर नुसती आंबवतात; तिच्यात असे काही मिसळत नाहीत आणि तिचे ऊर्ध्वपातनही होत नाही. अमेरिकेच्या या सवलतीतही घरगुती ऊर्ध्वपातन नाही. बिअरमधले खरे धोके म्हणजे जास्त साखरेने फुटणारी बाटली आणि उकळत्या भांड्याचा चटका. व्यसनाचा मुद्दा मात्र असा झटकता येत नाही. 100 गॅलन म्हणजे वर्षाला सुमारे 378 लिटर, रोज लिटरभरापेक्षा जास्त; ही मर्यादा सैलच म्हणायला हवी. तरी प्यायची घाई असलेला माणूस पंधरवडाभर थांबून हे कष्ट करत बसणार नाही, दुकानात जाईल.

महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर करणे गुन्हा आहे. 2009 मध्ये पुण्यात डूलालीने मायक्रोब्रुअरी सुरू केली तीही परवाना घेऊनच. असे परवाने भांडवलवाल्यांनाच झेपतात. आपल्या कायद्याने अमेरिकेहून बरीच कमी मर्यादा घालून, विक्रीला आणि ऊर्ध्वपातनाला पूर्ण मनाई ठेवून, घरगुती बिअरला सूट द्यायला हरकत नाही.