गोरेपणाच्या क्रीमने पडणारे काळे डाग

आपल्या व्यापारी बंधूंच्या कटलरी, बांगड्या व अत्तराच्या दुकानांत गोरेपणाचे क्रीम हमखास खपते. डबी लहान, नफा बरा आणि गिऱ्हाईक पुन्हा येणारे. मात्र काही वर्षांनी तेच गिऱ्हाईक सांगते की गालांवर निळसर-काळे डाग पडले, आणखी जालीम क्रीम द्या. अशा वेळी नवी डबी काढण्यापूर्वी हे डाग कशाचे, ते विक्रेत्याने समजून घ्यावे.

रंग उडवणाऱ्या रसायनांची ओळख एका कारखान्यात झाली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चामडे कमावणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे पडले. त्यांच्या रबरी हातमोज्यांत घातलेले रसायन त्यास कारण होते. त्याच कुळातील हायड्रोक्विनोन पुढे क्रीममध्ये आले. ते कातडीत रंगद्रव्य कमी तयार होऊ देते, म्हणून सुरुवातीला चेहरा उजळतो. पण वर्षानुवर्षे वापरले, त्यातही उन्हात वावर असला, तर काहींच्या कातडीच्या खोल थरात वेगळेच काळपट द्रव्य साचते. याला ऑक्रोनोसिस म्हणतात. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी त्याची नोंद केली आणि १९९० मध्ये त्या देशाने सौंदर्यप्रसाधनांत हायड्रोक्विनोनवर बंदी घातली. हे डाग घासून जात नाहीत, उपचारांनीही क्वचितच पूर्ण जातात. गिऱ्हाइकाला वाटते क्रीम कमी पडले; वास्तविक ते जास्त झालेले असते.

दुसरा धोका पाऱ्याचा. त्यानेही चेहरा आधी उजळतो, पुढे राखाडी-काळा पडतो. शिवाय पारा कातडीतून शरीरात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण तपासले. त्यांपैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते.

तिसरे स्टिरॉइड. त्याने कातडी पातळ होते, आणि क्रीम एकदम सोडले तर चेहरा लाल होऊन जळजळतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ प्रकारची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

विक्रेत्याने पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, घटकांची यादी, बॅच नंबर व मुदत नसेल तर माल घेऊ नये. परदेशी मालावर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे.

२) ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’, ‘कॅलोमेल’ हे शब्द पाऱ्याचे आहेत. सोने-चांदीच्या दागिन्यांना लावू नका अशी सूचना असेल तर संशय घ्यावा. पारा सोन्याला धरतो, हे आपल्या सोनार कारागिरांना ठाऊकच आहे.

३) ठोक व्यापाऱ्याकडून पक्के बिल घ्यावे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार निरीक्षकाने विचारल्यास माल कोणाकडून घेतला ते सांगावे लागते.

४) घरी कालवलेले, बिनलेबलाचे क्रीम कितीही खपत असले तरी ठेवू नये.

डाग घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे आणि वापरलेली डबी सोबत न्यायला सांगावे. डबीतील घटक कळले तर डॉक्टरांना निदान सोपे जाते. एका डबीचा नफा जाईल, पण त्या माणसाचा चेहरा आणखी बिघडणार नाही आणि दुकानावरचा त्याचा विश्वास टिकेल.